नवजाताचे यकृत आणि प्रौढांची फूटपट्टी

प्रसूतिपूर्व सोनोग्राफी तालुक्याच्या गावी जाऊन पोहोचल्यापासून मराठी कुटुंबांच्या वाट्याला एक चिंता नव्याने आली आहे. जे मूल अद्याप जन्मलेले नाही, किंवा जन्मूनही ज्याची पाचवी पुजावयाची राहिली आहे, त्याच्या यकृतात गाठ दिसत असल्याचे डॉक्टर सांगतात, आणि त्यासरशी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात कर्करोगाखेरीज दुसरे काही येत नाही. पूर्वी अशा गाठी नव्हत्या असे थोडेच आहे? त्या होत्या, परंतु पोटाच्या आत डोकावणारे यंत्र नसल्यामुळे बहुतेक गाठी कोणाच्याही नजरेस न येता जिरून जात, आणि ज्यांच्या यकृतात त्या होत्या ती माणसे नातवंडांची तोंडे पाहून, आपल्या पोटात कधीकाळी काही होते याची गंधवार्ताही नसताना, या जगाचा निरोप घेत. आज यंत्र आहे. त्या यंत्राने दाखविलेल्या छायेचा अर्थ लावण्याची तालीम मात्र यंत्राच्या मागून फार सावकाश येत आहे, आणि या दोहोंमधल्या अंतरात त्या कोवळ्या जिवाला नको त्या सुया, नको ते क्ष-किरण आणि प्रसंगी नको ते शस्त्र सोसावे लागण्याचा धोका उभा राहतो.

प्रौढाच्या यकृतासाठी ठरविलेले निकष जसेच्या तसे नवजातास लावणे हा या साऱ्या घोटाळ्याचा उगम आहे, असे माझे मत आहे. आणि तो घोटाळा सर्वांत उघडा कोठे दिसत असेल, तर प्रयोगशाळेच्या अहवालात. यकृतात गाठ दिसली की आल्फा-फीटोप्रोटीन नावाची रक्ततपासणी हटकून सांगितली जाते. संध्याकाळी छापील कागद हाती येतो. पहिल्या रकान्यात तपासणीचे नाव, दुसऱ्यात बाळाचा आकडा, समजा ६२,०००, आणि तिसऱ्यात ‘सामान्य मर्यादा’ या मथळ्याखाली ‘१० पेक्षा कमी’. शिवाय बाळाच्या आकड्याशेजारी, तो प्रमाणाबाहेर असल्याची, ठळक ठशातली खूण. बाप प्राध्यापक असो वा शेतमजूर, बासष्ट हजार आणि दहा यांची तुलना करावयास फार शिकावे लागत नाही. त्या रात्री त्या घरात चूल पेटत नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की हे प्रथिन गर्भाचे अगदी नित्याचे, घरचे प्रथिन आहे. ते प्रथम पीतककोशात व पुढे गर्भाच्या यकृतात तयार होते, आणि पूर्ण दिवसांच्या, सर्वथैव निरोगी बाळाच्या रक्तातही जन्मकाळी त्याचे प्रमाण दर मिलिलिटरला सरासरीने ४८,००० नॅनोग्रॅमच्या आसपास असते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते लाखाच्याही पलीकडे जाते. जन्मानंतर साधारणतः दर पाच-सहा दिवसांनी ते निम्मे होत जाते, तिसऱ्या महिन्याच्या सुमारास शंभराच्या घरात येते, आणि अहवालात छापलेली दहाची मर्यादा गाठावयास बहुधा आठवा महिना उजाडतो. तेव्हा चार दिवसांच्या बाळाचे बासष्ट हजार हे काहीही न झालेल्या बाळाचे असू शकतात, आणि सहा महिन्यांच्या बाळाचे तेच बासष्ट हजार मात्र झोप उडविणारे ठरतात. एकट्या आकड्याने येथे निवाडा होत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन-तीन आकडे शेजारी मांडून उतार कसा लागला आहे हे पाहावे लागते. वयोमानाप्रमाणे या प्रथिनाचे कोष्टक १९८१ पासून वैद्यकीय वाङ्मयात उपलब्ध आहे. बाळाची जन्मतारीख अहवालाच्या माथ्यावर छापणाऱ्या संगणकास त्याच तारखेवरून योग्य ती मर्यादा तिसऱ्या रकान्यात छापता येऊ नये, यास मला तरी हयगयीखेरीज दुसरे कारण दिसत नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या यंत्रणेने एक वर्षापेक्षा लहान मुलाच्या अहवालावर प्रौढांची मर्यादा छापण्यास सरळ मनाईच करावी. त्यास ना खजिन्यातून पैसा लागतो, ना नवे खाते.

आता या गाठी असतात तरी कसल्या, ते पाहू. गर्भ आणि नवजात यांच्या यकृतातील १९४ अर्बुदांचा एक आढावा २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६० टक्के अर्बुदे रक्तवाहिन्यांची, म्हणजे हेमॅन्जिओमा जातीची होती. सुमारे २३ टक्के मेसेन्कायमल हॅमार्टोमा नावाची, बहुधा पाणपोकळ्यांनी भरलेली सौम्य गाठ होती. आणि उरलेली साधारण १६ ते १७ टक्के हेपॅटोब्लास्टोमा, म्हणजे खराखुरा कर्करोग होता. या हिशेबाची दोन्ही अंगे ध्यानात घेतली पाहिजेत. बहुतेक गाठी सौम्य आहेत, यास्तव भेदरून शस्त्र उपसणे चूक. आणि सहांतील एक तशी नाही, यास्तव ‘होईल आपोआप बरे’ म्हणून पाठ फिरविणे हीही तितकीच चूक.

रक्तवाहिन्यांच्या गाठींतही जातपात आहे, आणि ती न ओळखता औषध देणाऱ्याची फसगत ठरलेली. एक जात अशी की ती एकुलती एक, बरीच मोठी, आणि जन्मतःच पूर्ण वाढलेली असते. आईच्या अखेरच्या महिन्यांतील सोनोग्राफीत पुष्कळदा हीच दिसते. जन्मानंतर ती वाढत नाही, उलट वर्ष-सव्वा वर्षात बहुधा आटून जाते, आणि मधल्या काळात बाळाचे हृदय थकत नाही ना, रक्तातील बिंबिका फार घटत नाहीत ना, एवढ्यावर नजर ठेवणे हाच तिचा उपचार. दुसरी जात अनेक लहान गाठींची. ती जन्मानंतर काही आठवड्यांनी डोके वर काढते, काही महिने वाढते आणि मग सावकाश ओसरते. या बाळांच्या अंगावर पुष्कळदा तशाच लालबुंद, उठावदार खुणा असतात, आणि त्वचेवर अशा पाच किंवा अधिक खुणा असतील तर यकृताची सोनोग्राफी करावी, असा आता सर्वमान्य संकेत आहे. आपल्याकडे बाळाच्या अंगावर लाल खूण दिसली की आईने ग्रहणात विळी हाती घेतली होती काय, याची चौकशी घरात आठवडाभर चालते. त्या आस्थेचा शतांश जरी खुणा मोजण्यात खर्ची पडता, तरी कितीतरी बाळांचे निदान वेळेवर होते. तिसरी जात सबंध यकृत व्यापून टाकणारी. पोट नगाऱ्यासारखे ताणते, श्वासपटल वर रेटले जाते, बाळाला धाप लागते, आणि एवढ्या रक्ताची ने-आण करताना हृदय मेटाकुटीस येते. ही जात थांबून पाहण्याची नव्हे. येथे प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

या तिसऱ्या जातीच्या पोटात आणखी एक संकट दडलेले असते. ते प्रथम नीट उलगडले २०००च्या सुमारास, बोस्टनमध्ये. या गाठीच्या पेशी एक असे विकर तयार करतात की ते बाळाच्या रक्तातील थायरॉइडचे संप्रेरक निकामी करून टाकते. ग्रंथी धडधाकट असते, ती आपल्या परीने संप्रेरक ओतीत असते, आणि इकडे यकृत ते ओतले जाईल तितके गिळून टाकते. त्यामुळे बाळ मंद पडते, दूध ओढीत नाही, आणि त्याचा मेंदू ज्या महिन्यांत सर्वांत वेगाने वाढावयाचा त्याच महिन्यांत उपासमारीस लागतो. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताची थायरॉइड तपासणी निर्दोष आली होती, ही सबब येथे कामास येत नाही, कारण गाठ वाढते ती त्यानंतर. यकृतात अनेक गाठी असलेल्या बाळाची ही तपासणी पुन्हा करणे एवढी साधी गोष्ट. पण ती ज्याला ठाऊक आहे त्यालाच साधी.

उपचाराची हकिगत मोठी विलक्षण आहे. २००८ पर्यंत अशा बाळांना स्टिरॉइडचे मोठाले डोस, इंटरफेरॉन, आणि तेही न चालल्यास रक्तवाहिनी बांधणे किंवा बुजविणे, असे भीषण उपाय करावे लागत. इंटरफेरॉनमुळे तर काही बाळांच्या पायांत कायमचा ताठरपणा राहून जाई. फ्रान्समधील बोर्दो येथे ख्रिस्तीन लेओते-लाब्रेझ या त्वचारोगतज्ज्ञ बाईंच्या उपचाराखाली नाकावर असे अर्बुद असलेले एक मूल होते. स्टिरॉइडच्या परिणामाने त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झाला, म्हणून त्याला प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचे जुने औषध सुरू करण्यात आले, आणि दुसऱ्याच दिवशी त्या लालभडक गाठीचा रंग उतरू लागून ती मऊ पडल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी अकरा मुलांचा अनुभव एका छोट्याशा पत्रातून प्रसिद्ध केला आणि सबंध जगाचा उपचारक्रम पालटला. जेम्स ब्लॅक यांनी हे औषध १९६०च्या दशकात हृदयशूळावर शोधून काढले होते, आणि त्यांना १९८८चे नोबेल पारितोषिक मिळाले त्यातही या कामाचा वाटा मोठा. तान्ह्या मुलांच्या गाठीशी त्याचा काही संबंध असेल हे त्यांच्या स्वप्नीही नसावे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की हे औषध स्वस्त आहे आणि सहज मिळते. मात्र ते बाळाचे पोट भरलेले असतानाच द्यावे लागते, नाही तर रक्तातील साखर एकाएकी उतरते, आणि सुरुवात डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हावी लागते. शिवाय जन्मतःच पूर्ण वाढलेल्या त्या पहिल्या जातीवर त्याचा म्हणण्यासारखा उपयोग होत नाही. म्हणजे पुन्हा मुद्दा निदानापाशीच येऊन ठेपतो.

निसर्ग किती बुचकळ्यात टाकू शकतो याचे याहूनही मोठे उदाहरण न्यूरोब्लास्टोमा नावाच्या अर्बुदाचे आहे. ते मूळचे अधिवृक्क ग्रंथीचे किंवा मज्जातंतूंच्या साखळीचे. पण तान्ह्या मुलात ते यकृतभर पसरते, त्वचेखाली निळसर गोळे उठतात, आणि प्रौढांच्या हिशेबाने पाहता ‘सर्वत्र पसरलेला कर्करोग’ या सदरात मोडून त्याचा निकाल लागल्यात जमा असतो. परंतु फिलाडेल्फियाच्या ऑड्री इव्हान्स व ज्युलिओ डॅन्जिओ यांनी १९७१ साली दाखवून दिले की एक वर्षाच्या आतील अशा काही बाळांत हा पसरलेला रोग कोणत्याही औषधावाचून मागे हटतो. त्यांनी त्यासाठी एक निराळा वर्गच निर्माण केला, आणि तो वर्ग नाव पालटून आजही टिकून आहे. तरीही दोन महिन्यांच्या आतले बाळ आणि झपाट्याने फुगणारे यकृत अशी जोडी असेल, तर श्वास कोंडण्याआधी केमोथेरपीचे थोडे डोस द्यावे लागतात. अर्बुदातील एका विशिष्ट जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर गाठ पडते ती निराळ्याच, आडदांड शत्रूशी. ‘थांबा’ आणि ‘धावा’ हे दोन्ही आदेश एकाच रोगाच्या पोटात शेजारी शेजारी वावरतात. लघवीतील काही द्रव्यांची तपासणी या रोगाचा माग पुष्कळदा सुईवाचून लावते, म्हणून यकृतात गाठ असलेल्या बाळाच्या अधिवृक्क ग्रंथीही त्याच बैठकीत पाहून घेणारा सोनोग्राफर मला मोलाचा वाटतो.

हेपॅटोब्लास्टोमाबद्दल मात्र संदिग्ध बोलण्याचे कारण नाही. फार कमी वजनाच्या, विशेषतः एक किलोच्या आतल्या बाळांत, तसेच जीभ मोठी, अंग दणकट आणि बेंबीची जागा सदोष अशा बेकविथ-वीडेमान लक्षणसमुच्चयाच्या मुलांत त्याचे भय अधिक; या दुसऱ्या गटातील मुलांची दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी व तीच आल्फा-फीटोप्रोटीन तपासणी करीत राहण्याची रीत आहे. गेल्या शतकाच्या सत्तरीपर्यंत या रोगातून तीनांपैकी जेमतेम एक मूल वाचे. सिस्प्लॅटिन आल्यापासून, आधी औषधाने गाठ आक्रसून मग शस्त्रक्रिया करण्याच्या क्रमाने, बहुसंख्य मुले बरी होतात. त्या औषधाने ऐकू येणे कमी होते हा त्याचा जुना दोष. परंतु सिस्प्लॅटिन दिल्यानंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिल्यास बहिरेपणाचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर येते, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीने सिद्ध केले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या जागी, जेथे बालकर्करोगाचे स्वतंत्र पथक आहे, तेथे असे मूल वेळेवर पोहोचले पाहिजे. जिल्ह्याच्या गावी कोणा धाडसी शल्यविशारदाने ‘गाठ आहे तर काढून टाकू’ म्हणून अर्धवट कापलेली गाठ ही पुढच्या सर्व उपचारांच्या मुळावर येते.

काही गाठी आपण स्वतः निर्माण केलेल्या असतात, हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. अपुऱ्या दिवसांचे बाळ काचेत ठेवले की त्याच्या नाळेच्या शिरेतून नळी घालून सलाइन व पोषकद्रव्ये देतात. ती शीर यकृतातूनच वर जाते. नळीचे टोक हृदयाच्या उंबरठ्यापाशी न जाता यकृतातच अडून राहिले, तर आतले स्निग्ध द्रव्य यकृताच्या मांसात झिरपून तेथे एक गोळा तयार होतो, आणि जंतुसंसर्ग झाला तर त्याचाच गळू बनतो. सोनोग्राफीत तो ‘अर्बुदसदृश’ दिसतो. नळी काढली की झिरपून झालेला गोळा काही आठवड्यांत विरतो, गळू प्रतिजैविकांनी बरा होतो. पण बाळाला नळी होती हे रेफरच्या चिठ्ठीवर कोणी लिहिलेच नाही, तर पुढच्या इस्पितळात त्याच गोळ्याच्या तुकड्यासाठी सुई टोचली जाते.

म्हणून मला वाटते, या प्रकरणात खरा मान द्यावयाचा तो सोनोग्राफीला, आणि तीही डॉप्लरसह, शांतपणे, बाळाच्या पोटावर ऊन केलेले जेल लावून करणाऱ्या माणसाला. सौम्य पण उसळत्या रक्तवाहिन्यांची गाठ असेल तर यकृताला रक्त देऊन झाल्यावर महाधमनी एकदम बारीक झालेली दिसते, यकृतातून परतणाऱ्या शिरा फुगलेल्या दिसतात. पाहणाऱ्याला हे ठाऊक असेल तर निम्मे निदान खाटेशेजारीच उरकते. आपल्याकडे मात्र ‘खातरजमा करून घेऊ’ म्हणून सीटी स्कॅनकडे धाव घेण्याची सवय पडली आहे, कारण ते लवकर होते आणि कागद भारदस्त दिसतो. तान्ह्या मुलाला क्ष-किरणांचा उपसर्ग मोठ्या माणसापेक्षा अधिक, आणि ते पचवून जगावयाची वर्षेही अधिक. एमआरआयला भूल द्यावी लागते ही सबबही तितकीशी खरी नाही. बाळाला पोटभर पाजून, कानांत बोळे घालून, दुपट्यात घट्ट गुंडाळून यंत्रात ठेवले तर पुष्कळशी नवजात बाळे अर्धा-पाऊण तास निवांत झोपतात. परदेशांतील इस्पितळांत ही रूढ पद्धत आहे, आणि दुपट्यात बाळ बांधण्याच्या कसबात आपल्या आज्यांना कोणत्याही इस्पितळाने शिकवावे अशी स्थिती नाही. सुईने तुकडा काढण्याची पाळी शेवटी यावी, कारण रक्ताने तट्ट भरलेल्या गाठीला टोचणे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण.

येथवर मी धीराची तरफदारी केली. एक छाया मात्र अशी आहे की तिच्यापुढे धीर धरणे हा गुन्हा ठरतो. यकृताच्या मुखाशी, पित्तनलिकेच्या जागी, पाण्याने भरलेली पिशवी दिसली तर ती पित्तनलिकेचा साधा फुगवटा असू शकते, किंवा पित्तमार्गच बुजलेला असण्याचे लक्षण असू शकते. दुसऱ्या प्रसंगी पित्त यकृतातच तुंबून ते दिवसेंदिवस कठीण होत जाते. जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली शस्त्रक्रिया त्यावर आहे, पण तिचा खरा उपयोग साठ दिवसांच्या आत. त्यानंतर यशाची शक्यता भराभर घटते आणि यकृतरोपणाखेरीज मार्ग उरत नाही. आपल्याकडे ही बाळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात शल्यविशारदापुढे येतात, कारण बाळ अंगाने भरलेले, हसतेखेळते असते आणि कावीळ ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ म्हणून सोसली जाते. चौदा दिवसांपलीकडे टिकलेल्या काविळीत रक्तातील प्रत्यक्ष बिलिरुबिन मोजलेच पाहिजे. आणि शी पांढुरकी, मातकट होते आहे काय, हे तर आईच्या डोळ्यांदेखतचे आहे. तैवानने २००४ पासून प्रत्येक बाळंतिणीच्या हाती शीच्या रंगांची छापील पट्टी दिली. जपाननेही २०१२ पासून ती माता-बाल पुस्तिकेत घातली. आपल्या माता व बाल संरक्षण कार्डावर लसींच्या तारखा आहेत, वजनाचे आलेख आहेत. त्याच्या एका पानावर सात-आठ रंगांचे ठिपके छापावयास मुद्रणालयाला कितीसा खर्च येणार?

माझ्या या धीराच्या वकिलीवर एक सबळ आक्षेप आहे, आणि तो मी अनेक अनुभवी डॉक्टरांच्या तोंडून ऐकला आहे. थांबून पाहणे हे परत येऊ शकणाऱ्यांचे चोचले आहेत, असे ते म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड जोडप्याचे बाळ भाद्रपदात जिल्हा रुग्णालयात जन्मले, यकृतात गाठ दिसली, डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफीला बोलावले. आणि सहा आठवड्यांनी ते बाळ कोल्हापूर वा सांगलीकडे कुठल्याशा कारखान्याच्या शिवारात, उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोपीत, पहाटेच्या थंडीत झोळीत असते. आईवडील फडात असतात. उचल घेतलेली असते, मुकादमाला सांगून दोन दिवसांची रजा घेणे म्हणजे दोघांचा खाडा, आणि कागद गावच्या घरी पत्र्याच्या पेटीत. पुढची भेट आता गाळप संपून चैत्र-वैशाखात, तोवर गाठीने जे करावयाचे ते केलेले असणार. अशा वेळी हाती आलेले मूल सोडू नये, जमेल तो उपचार त्याच मुक्कामात उरकावा, हा विचार निष्ठुर नाही. तो अनुभवातून आला आहे, आणि मी तो हसण्यावारी नेऊ शकत नाही.

परंतु या आक्षेपाचे उत्तर बाळाचे पोट कापण्यात असू नये. परत येण्याची तजवीज बाळावर न सोपविता सरकारी दप्तराने ती उचलली पाहिजे, असे मी म्हणेन. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जावे, असा नियम आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो पाळलाही जातो. त्या सहा भेटींच्या नमुन्यात दोन ओळी वाढवाव्यात: अंगावरच्या लाल खुणांची संख्या, आणि शीचा रंग. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघर येथे झाला. त्याच्या जन्मजात दोषांच्या यादीत फाटलेला ओठ आहे, वाकडे पाऊल आहे, हृदयाचे दोष आहेत, यकृत नाही. ते यावे. आणि जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातून ‘यकृतात गाठ, फेरतपासणी’ असा शेरा घेऊन बाहेर पडलेल्या प्रत्येक बाळाची नोंद एका वहीत व्हावी, ती वही दर महिन्याला कोणा एका नामनिर्देशित परिचारिकेने उघडावी, आणि न आलेल्या बाळाच्या बापाच्या मोबाइलवर फोन जावा. हंगामात ते कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर त्या कारखान्याच्या हद्दीतील प्राथमिक आरोग्य केंद्रास यादी पाठविण्यात यावी. मुकादमाकडे टोळीतल्या माणसांची यादी असते, कारखान्याकडे मुकादमांची यादी असते; बाळाची तेवढी यादी कोणाकडे नसते.

राहता राहिला प्रश्न यंत्राचा. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली सर्वांच्या आधी केला, केंद्राने १९९४ साली तसाच कायदा केला, आणि या महाराष्ट्रात मुलींची जी संख्या आज आहे ती पाहता त्यात तसूभरही ढिलाई मी मागणार नाही. परंतु त्याच्या नियमांनी सुवाह्य सोनोग्राफी यंत्रावर जी बंधने घातली आहेत, नोंदणी, जागा, वापरणाऱ्याची पात्रता, त्यांपायी नवजात कक्षात खाटेशेजारी यंत्र ठेवण्याचे धाडस अनेक बालरोगतज्ज्ञ करीत नाहीत, आणि श्वासाला मोताद झालेले दीड किलोचे बाळ तपासणीसाठी जिना उतरवून दुसऱ्या इमारतीत न्यावे लागते. नवजाताच्या तपासणीत गर्भ नाही, म्हणून गर्भवतीसाठी भरावयाचा नमुनाही तेथे लागत नाही. प्रश्न उरतो तो केवळ यंत्राच्या नोंदणीचा. समुचित प्राधिकाऱ्याने नवजात कक्षाच्या नावे यंत्राची नोंदणी ठरावीक मुदतीत निकालात काढावी, यंत्र कक्षाबाहेर जाणार नाही अशी कुलूपबंद व्यवस्था सक्तीची करावी, दर तपासणीची नोंद बाळाच्या नोंदणी क्रमांकाशी जोडून ठेवावी, आणि त्या कक्षातील एका तरी डॉक्टरला नवजाताचे यकृत पाहण्याचे रीतसर शिक्षण वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालशल्य विभागात द्यावे. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर असे अर्ज आजही पडून असतील. ते या महिन्याच्या बैठकीत घेता येतील.